बिडी ओढत नाही, बरं. मग काम काय करता?

आमच्या क्लिनिकच्या केसपेपरवर 'धूम्रपान' असा एक रकाना आहे, त्याच्याखाली 'व्यवसाय'. धूम्रपानाची चौकशी बारकाईने होते. बिडी की सिगारेट, दिवसाला किती, कधीपासून, सोडली असेल तर कधी सोडली. व्यवसायापुढे मात्र 'शेती', 'मजुरी', 'घरकाम', नाहीतर नुसतंच 'नोकरी'. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत, एका छातीच्या डॉक्टरांकडे फुंकायची तपासणी घेते. कागदावर तिचं नाव स्पायरोमेट्री. तो व्यवसायाचा रकाना असा उरकलेला दिसला की माझं डोकं सरकतं, म्हणून आज त्याच्यावरच लिहिते.

तपासणी साधी आहे, पण घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा दोघांचाही घाम काढते. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, ओठ घट्ट. छाती पूर्ण भरून घ्यायची आणि एका दणक्यात सोडायची. पुढं निदान 6 सेकंद सोडतच राहायचं. मी शेजारी उभी राहून ओरडत असते, "सोडा, सोडा, सोडा, अजून आहे, अजून आहे!" बाहेर बाकावर बसलेल्यांना वाटतं आत कुस्ती लागली आहे. नीट जमलेले निदान तीन फुंके हवेत. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, हे दोन आकडे मशीन देतं. पहिल्याला दुसऱ्याने भागून 0.70 च्या खाली आलं की श्वासनळ्या आवळल्या आहेत असं समजायचं. मग श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या पंपाचे चार झुरके द्यायचे, 15 मिनिटं थांबायचं आणि परत फुंकायला लावायचं. पंपाने 200 मिली आणि 12 टक्के वाढ झाली तर दम्याकडे कल, हा बरीच वर्षं चालत आलेला हिशेब.

मधली ती 15 मिनिटं माझ्या हक्काची. पेशंटला उठून जाता येत नाही आणि मला गप्प बसवत नाही.

गेल्या हंगामात एक दादा आले होते, साखर कारखान्यातले. चाळिशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही. रात्री ताप, थंडी, कोरडा खोकला, जिना चढताना दम. आधी मलेरियाचं औषध झालं, मग टायफॉईडचं, मग "न्यूमोनियाचा डाग" म्हणून अँटिबायोटिक. थुंकी दोनदा तपासली, टीबी नाही. (ते आधी बघितलं हे बरंच केलं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायचीच, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.) केसपेपरवर व्यवसाय: नोकरी.

"कारखान्यात कुठं?"

"यार्डात."

"कसल्या यार्डात?"

"बगॅसच्या." बगॅस म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा.

"ताजा की जुना?"

आता त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "जुना. गेल्या सालचा. गाठी फोडून पट्ट्यावर टाकायच्या. तुमाला काय म्हाईत त्यातलं?"

"माहेर गुऱ्हाळवाल्यांचं आहे. ताप किती वाजता येतो?"

"दुपारची पाळी सुटायच्या टायमाला अंग मोडून येतंय, रात्री चढतोय. सकाळी निम्मा गेलेला असतोय. परत कामावर गेलं की परत हायच."

"आणि सुट्टीला?"

"सुट्टीला काय न्हाय. म्हणून तर आमचा सायेब म्हणतोय, काम नको म्हणून सोंग घेतंय."

सोंग नव्हतं. कामावर गेल्यावर चार ते आठ तासांनी ताप चढणं आणि सुट्टीत उतरणं, हीच त्या आजाराची खूण आहे. त्याला बगॅसोसिस म्हणतात. 1941 साली अमेरिकेतल्या लुईझियानात, उसाच्याच मुलखात, त्याची पहिली नोंद झाली. 100 टन ऊस गाळला तर साधारण 30 टन बगॅस निघतो. गिरणीतून बाहेर येतो तेव्हा तो निम्मा पाणीच असतो आणि त्यात थोडी साखरही राहिलेली असते. तो लगेच बॉयलरमध्ये गेला तर प्रश्न नाही. उरला, ढीग लागला, गाठी बांधल्या, की आतून तापायला लागतो. त्या उबेत उष्णता मानवणारे सूक्ष्मजीव वाढतात. ढीग वरून वाळला की त्यांचे बीजकण धुळीत मिसळतात, आणि गाठ फोडली की ती धूळ थेट तोंडावर. हे बीजकण मायक्रॉनभराचे. नाकातले केस, खोकला, शेंबूड यांना चुकवून ते फुप्फुसाच्या पार टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात आणि तिथं शरीर त्यांच्याशी भांडायला उठतं. ताप असतो तो त्या भांडणाचा. त्यात मारायला जंतूच नसतो, म्हणून अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. आपोआप बरं वाटतं ते माणूस चार दिवस घरी पडून असतो म्हणून, आणि श्रेय जातं गोळ्यांना.

दादांच्या तपासणीत ते गुणोत्तर चांगलं 0.80 च्या वर होतं. नुसतं तेवढंच बघणारा म्हणेल, नॉर्मल आहे, जा घरी. पण एकूण हवाच कमी होती. नळ्या मोकळ्या, पण फुप्फुस पुरतं फुगत नाही, असा तो प्रकार. डॉक्टरांनी पुढं सीटी स्कॅन सांगितला आणि मग सगळं जुळलं. सुरुवातीलाच त्या धुळीतून माणूस बाहेर काढला तर फुप्फुस बहुतेक सावरतं. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर त्यात व्रण धरतात आणि ते काही परत जात नाहीत.

यात कायद्याची गंमत बघा. 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा, त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती आणि तिच्यात बगॅसोसिस नावानिशी होता. म्हणजे सरकारदरबारी हा आजार माहीत आहे. दुसरीकडे 1948 च्या ईएसआय, म्हणजे कामगार विम्याच्या, कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले, आणि हंगामी कशाला म्हणायचं त्या व्याख्येत साखर होती, वर कंसात गूळसुद्धा होता. आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर निम्मं अर्थकारण ज्या दोन धंद्यांवर फिरतं तेच दोन. दादांना दोन्हीतलं काहीच कुणी सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांनी कामाची जागा बदलून द्यावी असं पत्र दिलं. साहेबाने ते खिशात घातलं आणि महिनाभर काही केलं नाही. शेवटी युनियनच्या माणसाने आवाज चढवल्यावर दादांना वजनकाट्यावर घेतलं.

खरं तर ढिगावरच उपाय करता येतो. बगॅस 20 टक्क्यांच्या वर ओला ठेवला तर धूळ उडत नाही. साठवायचा असेल तर प्रोपिऑनिक आम्लाची फवारणी करतात, त्याने ते सूक्ष्मजीव वाढत नाहीत. जुनी गाठ फोडायच्या आधी पाणी मारायला काय खर्च येतो? पाईप तिथंच असतो, आग लागू नये म्हणून ठेवलेला.

गुऱ्हाळाचं वेगळं. तिथं चिपाडं, म्हणजे रस काढलेला ऊस, पटांगणात पसरून उन्हात वाळवतात आणि तीच चुलवाणात, गुऱ्हाळाच्या भट्टीत, जातात. चुलवाण्याचं काम मी लहानपणापासून बघितलंय. रस आटवायच्या काहिलीच्या खाली, जमिनीच्या पातळीला, भोकासमोर बसून दर मिनिटाला वाळलेलं चिपाड आत सारायचं. वर गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, वाफेत उभा, त्याच्या हातात आदण उतरवायची घाई, बघायला येणारे सगळे त्याच्याभोवती. खालच्या माणसाकडे कुणी बघत नाही. त्याच्या अंगावर धूर, राख आणि चिपाडाची भुकटी तिन्ही एकदम. माझा चुलता हे काम करायचा. चिपाडाच्या ढिगाच्या बुडाचं, दवाने काळं पडलेलं चिपाड ओढलं की पांढरट धूर उठल्यासारखा दिसायचा. तो धूर नसतो, ती बुरशी. चुलता म्हणायचा, "बुडातलं चिपाड खोकला आणतंय." निदान त्याने केलंच होतं म्हणायचं.

आता गुळाचं बोलते आणि थोडी शिवी खाते.

शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळावर मोठी झाली. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. गूळ आमच्या घरात देवासारखा आहे. पण "धुळीत काम करणाऱ्याने रोज गुळाचा खडा खावा, छाती साफ होते" हे जे गिरणीपासून सिमेंटच्या गोडाऊनपर्यंत सगळीकडे चालतं, त्यावर मला राग आहे. कामगाराने श्रद्धेने खाल्ला तर माझं काही म्हणणं नाही, गोड आहे, ताकद येते. राग आहे तो ठेकेदार पाळी सुटताना हातावर खडा ठेवतो आणि मास्कचा, पंख्याचा, पाण्याचा विषय तिथंच मिटवतो त्याचा. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. लगेच कुणीतरी मला तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पाठवेल, म्हणून आधीच सांगते: हो, 1994 मध्ये लखनौच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता, आणि कोळशाची व सिलिकाची धूळ दिलेल्या उंदरांना गूळ घातल्यावर फुप्फुसातून कण जास्त हललेले दिसले. ते उंदीर होते. धूळ खनिज होती, चिपाडाच्या बुरशीची नव्हती. त्यावरून माणसाच्या तोंडावरचा मास्क काढून हातात खडा ठेवायचा हा शोध ठेकेदारांचा.

आता चटणीच्या डंकावरची, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावरची, मावशी. फाल्गुन लागला की आपल्याकडे डंकाच्या दारात रांगा. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, भाजलेले धने-तीळ-खोबरं, सगळ्यांचे डबे नावं टाकून ओळीत. मावशी वर्षाचे बारा महिने तिथं. नखांच्या कडा कायमच्या तांबड्या.

"मावशी, बिडी-तंबाखू?"

"मी काय बिडी वढतो व्हय गं? मशेरी बी सोडली."

"धुळीत काम असतं का?"

"धूळ कसली? दुकान आतून फरशीचं हाय."

खोकल्याबद्दल त्यांचं ठाम मत: मिरची. डंकावर दिवसभर ठसका लागतो, त्याने छाती बिघडली. ऐकायला पटतं. मिरचीतल्या तिखट द्रव्याने, कॅप्साइसिनने, खोकल्याच्या नसा चाळवतात हे खरंच आहे. खोकला किती सहज येतो हे मोजायला डॉक्टर तेच द्रव्य हुंगायला देतात. पण मावशींच्या नळ्या आवळल्या होत्या आणि पंपानंतर आकडा झकास वाढला. नुसत्या ठसक्याने तसं व्हायचं कारण नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना फुंकर किती जोरात बसते ते मोजायचा पीक फ्लो मीटर दिला. प्लास्टिकची नळी, बाजूला सरकता काटा, काहीशे रुपयांत मिळतो. सकाळी उठल्यावर, कामावर, रात्री झोपताना, दर वेळी तीनदा फुंकायचं आणि मोठा आकडा लिहायचा. मावशींना लिहिता येत होतं पण वही सापडायची नाही, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीतच आकडे टाकले. आणि ते कॅलेंडर गुंडाळून पिशवीतून घेऊन आल्या.

मी ते टेबलावर पसरलं. सुट्टीच्या चौकटींत 320, 330, 320. काही चौकटींत सकाळी 320 आणि संध्याकाळी 230. पण गंमत अशी की डंकावर मिरचीची रांग असलेल्या दिवशीही काही चौकटी 310 च्या आसपासच राहिलेल्या. त्या दिवशी खोकला भरपूर, आकडा जागेवर. मग घसरायचा तो कोणत्या दिवशी? मावशींनी बोटाने चौकटी मोजल्या आणि म्हणाल्या, "ह्या दिवशी पोरगा न्हवता. चक्कीवर मी हुतो."

त्याच दुकानात आतल्या बाजूला पिठाची चक्की आहे. गव्हाच्या पिठाने दमा होतो ही बेकरीवाल्यांची जुनी ओळखीची तक्रार आहे. पीठ नाक झोंबवत नाही, डोळ्यांतून पाणी काढत नाही, म्हणून त्याचा कुणाला संशय येत नाही. मिरची आधी ओरडून सांगते, पीठ काहीच सांगत नाही. पुढं एकदा मी चटणीच्या निमित्ताने त्या दुकानात गेले तेव्हा पोरगा चक्कीच्या तोंडाला बांधलेली कापडी बाही काठीने बडवत होता, आत चिकटलेलं पीठ पडावं म्हणून. उन्हाच्या तिरपेत दुकानभर पीठ तरंगताना दिसत होतं. मग केरसुणी. केरसुणीने खाली बसलेलं तेवढं सगळं परत वर. आता ते बाही काढून बाहेर नेऊन धुतात, फरशी ओल्या फडक्याने पुसतात आणि मावशी चक्कीच्या बाजूला जात नाहीत. पंप चालूच आहे. तो बंद करायची घाई त्यांनी केली होती, डॉक्टर रागावले.

भात गिरणीवाले आजरा-चंदगडकडून येतात, त्यांची तक्रार कोंड्याची आणि तुसाची. निपाणीच्या वखारीतून तंबाखू झाडणाऱ्या बायका येतात. त्यांच्या कागदावर 'धूम्रपान: नाही' असंच असतं आणि ते अक्षरशः खरं असतं. इचलकरंजीच्या बाजूचे सूतगिरणीवाले सांगतात की सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जास्त आवळते, मग आठवडाभर कमी होत जाते. कापसाच्या धुळीची ती नेमकी खूण आहे, बिसिनोसिसची. गंमत बघा, बगॅसवाल्याला काय किंवा कापूसवाल्याला काय, निदान अर्धंअधिक सुट्टीच्या प्रश्नात असतं. मशीन माझं लाखाचं, पण "सुट्टीला कसं असतं?" हे त्याला विचारता येत नाही.

इटलीत रामाझिनी नावाचे डॉक्टर होऊन गेले. त्यांनी 1700 साली लिहून ठेवलं की वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यात आणखी एक घालावा: तुझा धंदा काय? धान्य चाळणाऱ्यांच्या आणि मापणाऱ्यांच्या खोकल्याबद्दलही त्यांनी तेव्हाच लिहिलं. अलीकडचं बघायचं तर पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आवळण्याच्या आजाराचा, आढावा घेतला. चुलीचा धूर, कामावरची धूळ, होऊन गेलेला टीबी, जुना दमा, अशी कारणं त्यात आहेत. आपल्याकडच्या गुऱ्हाळावरच्या बाईला यातली तीन एकदम असू शकतात.

मास्कचं मला रोज विचारतात. रुमाल, टॉवेल, पदर यांनी जाड कचरा अडतो आणि मनाचं समाधान होतं. बारीक कण आरपार जातात. एन-95 ने 0.3 मायक्रॉनचे 95 टक्के कण अडतात, पण तो गालाला चारी बाजूंनी चिकटला तरच. नाकाजवळ फट राहिली किंवा दाढी असली की हवा मधल्या गाळणीतून कशाला जाईल, कडेने जाईल. आणि चुलवाणापुढे बसलेल्या माणसाला तो दिवसभर लावून ठेवायला सांगणारा माणूस कधी चुलवाणापुढे बसलेला नसतो. म्हणून माझं मत असं की मास्क शेवटी. आधी पाणी मारा, झाडू बंद करा, वारा येतो तिकडे पाठ करून उभे राहा, पंखा धूळ तोंडावर आणणारा नको, बाहेर ओढणारा लावा. गाठी फोडण्यासारखं थोडा वेळ चालणारं आणि सगळ्यात वाईट काम असेल तेव्हा मात्र मास्क हवाच, आणि तो मालकाने द्यायचा.

हंगाम आला आहे, म्हणून येणाऱ्यांसाठी थोडं. घरून निघतानाच एका कागदावर लिहून आणा: आज काय काम करता, आधी काय करत होता, कशाची धूळ असते, ताजा माल की जुना, त्रास किती वाजता सुरू होतो आणि लागोपाठ तीन-चार दिवस घरी असलात तर कसं वाटतं. बाकीच्या कुणाला तिथं तसाच त्रास आहे का, तेही. फोनवर कामाच्या जागेचा फोटो काढून आणला तर सोन्याहून पिवळं. तपासणीच्या आधी दोन तास पोटभर जेवू नका, सैल कपडे घाला, जुने रिपोर्ट आणि एक्स-रे आणा. पंप घेत असाल तर तो किती तास आधी थांबवायचा हे फोन करून विचारा, मनाने थांबवू नका. नुकताच हार्ट ॲटॅक आलेला असेल, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर फुंकायच्या आधी सांगा. आणि मी ओरडले तर राग मानू नका.